वजनाच्या ऑपरेशननंतर गोडाची ओढ परत का येते आणि तेव्हा काय करायचं

ऑपरेशननंतर पहिले काही महिने बऱ्याच जणांना गोड नकोसं होतं. पेढा समोर आला तरी मळमळतं, नेहमीच्या साखरेचा चहा घशाखाली उतरत नाही. वजन भराभर उतरत असतं आणि घरचे म्हणतात, बरं झालं, गोडाचं वेड सुटलं. मग दहाव्या-बाराव्या महिन्यात एखाद्या दुपारी साडेचारला हात आपोआप डब्याकडे जातो. दोन बिस्किटं, गुळाचा खडा, मुलांच्या खाऊतली एखादी गोळी. त्या खड्याने शरीराचं जेवढं बिघडतं त्याहून जास्त मन खातं: एवढं पोट कापून घेतलं, एवढा पैसा घातला, तरी माझी जीभ आवरत नाही.

गोडाची ही ओढ परत येणं अपेक्षितच असतं. तिची कारणं चार-पाच आहेत आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा. तहानेने आलेली ओढ पाण्याने जाते. रक्तातली साखर घसरल्यामुळे आलेल्या ओढीला पाणी पाजत बसलात तर चक्कर येऊन पडाल. म्हणून "मन घट्ट कर" या सल्ल्याचा आमच्या मते काही उपयोग नाही. आधी ओढ कशाची आहे ते ओळखायचं, मग हात हलवायचा.

आत काय बदललं

आपल्याकडे प्रामुख्याने दोन प्रकारची ऑपरेशनं होतात. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि केळ्यासारखी लांबट नळी उरते. काढलेल्या भागात जठराचा वरचा फुगीर घुमट असतो, आणि भुकेचा निरोप मेंदूला पोचवणारं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः तिथेच तयार होतं. तो घुमट गेल्यावर भूक मंदावते. बायपासमध्ये वरच्या बाजूला सुमारे ३० मिलीची, म्हणजे दोन मोठे चमचे मावतील एवढी, पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. मिनी बायपास हा त्याचाच भाऊबंद; त्यात पिशवी लांबट असते.

दोन्ही ऑपरेशनांनंतर जेवल्यावर आतड्यातून पोट भरल्याची संप्रेरकं जास्त प्रमाणात सुटतात. त्यामुळे सुरुवातीला गोडाकडे मन जात नाही. पण मेंदूची गोडाची आठवण कोणी कापून काढलेली नसते. शरीर नव्या रचनेला सरावतं, वजन उतरण्याचा वेग मंदावतो, एका वेळी खाल्लं जाणारं प्रमाण वाढतं, आणि त्याच सुमारास जुनी आवड डोकं वर काढते. बहुतेकांचं वजन वर्ष-दीड वर्षानंतर एका जागी थांबतं. तोपर्यंत खाण्याची नवी सवय अंगवळणी पडलेली असली तर ही वेळ निभावते.

डम्पिंग: गोड खाल्ल्यावर अंगाला घाम का फुटतो

जठराच्या खालच्या टोकाला एक दार असतं. ते अन्न थोडं थोडं करून आतड्यात सोडतं. बायपासमध्ये अन्न त्या दारातून जातच नाही. गोड पदार्थ पिशवीतून थेट आतड्यात कोसळतो. मुरांब्यासाठी कैरीच्या फोडींना साखर लावून ठेवली की काही वेळात भांड्यात पाणी साचतं ना, तसंच इथे होतं: साखरेचा दाट पाक रक्तातलं पाणी आतड्यात ओढून घेतो. खाल्ल्यापासून १० ते ३० मिनिटांत छातीत धडधड, घाम, पोटात पिळ, मळमळ, कधी जुलाब. याला लवकरचं डम्पिंग म्हणतात. अशा वेळी आडवं व्हावं. साधारण अर्ध्या-पाऊण तासात त्रास ओसरतो. चक्कर येत असताना शतपावली घालू नका.

उशिराचं डम्पिंग वेगळं, आणि गोडाच्या ओढीशी त्याचं नातं फार जवळचं. साखर झपाट्याने रक्तात शिरते, स्वादुपिंड घाबरल्यासारखं गरजेपेक्षा जास्त इन्सुलिन सोडतं, आणि १ ते ३ तासांनी रक्तातली साखर खाली येते. हातपाय कापतात, घाम येतो, डोकं चालेनासं होतं, आणि काहीतरी गोड हवंच असं वाटतं. माणूस पेढा खातो. साखर पुन्हा चढते, पुन्हा इन्सुलिन, दोन तासांनी पुन्हा तीच घसरण. विहिरीवरच्या रहाटासारखं हे दिवसभर फिरत राहतं, आणि बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं की याला गोडाचं व्यसन लागलंय. हा प्रकार बायपासनंतर जास्त दिसतो आणि बहुधा ऑपरेशनला वर्ष उलटल्यावर सुरू होतो. म्हणूनच अनेकांच्या लक्षात येत नाही की याचा त्या ऑपरेशनशी संबंध आहे.

डम्पिंग होतं म्हणून आपोआप गोडाला आळा बसेल, या भरवशावर राहू नये. बायपास झालेल्या प्रत्येकाला ते होत नाही, आणि ज्यांना होतं त्यांचंही पुढे कमी होऊ शकतं. स्लीव्हमध्ये खालचं दार जागेवर असल्याने त्रास कमी होतो, म्हणजेच गोड सहज पचून जातं. स्लीव्हवाल्यांना शरीराकडून बहुधा इशारा मिळत नाही, त्यांनी हिशेब स्वतः ठेवायचा.

ओढ आली की पहिली पाच मिनिटं

डबा उघडण्याआधी अंगाकडे पाहा. हात थरथरतायत का, गार घाम आलाय का, छाती धडधडतेय का, नजर धूसर झालीय का? यातलं एकही असेल तर ग्लुकोमीटरवर साखर तपासा. बायपास झालेल्याच्या किंवा मधुमेहाची औषधं चालू असलेल्याच्या घरी मीटर असलाच पाहिजे, यात तडजोड नको. आकडा ७० च्या खाली असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज घ्यायचं, म्हणजे ग्लुकोज पावडरचे सपाट तीन छोटे चमचे अर्धा कप पाण्यात. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. आकडा ७० च्या वर आला की लगेच थोडं प्रथिन खायचं: एक उकडलेलं अंडं, पनीरचे तीन-चार तुकडे किंवा मूठभर भाजलेले शेंगदाणे. हे प्रथिन टाळलं तर घसरण पुन्हा होते. आणि घाबरून अर्धी वाटी साखर खाऊ नका. जितकी जास्त साखर, तितकं पुढचं इन्सुलिन जास्त. मीटर हाताशी नसेल आणि लक्षणं स्पष्ट असतील तर तपासण्यासाठी थांबू नका, ग्लुकोज घ्या. आकडा ५४ च्या खाली गेला, किंवा शुद्ध हरपली, तर तो दवाखान्याचा मामला. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालायचं नाही.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी. ऑपरेशनआधीपासून मधुमेह असेल तर ऑपरेशननंतर औषधाची गरज झपाट्याने कमी होते. जुन्या मात्रेतच इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू राहिली तर साखर वारंवार घसरते आणि गोड खाण्याची इच्छा थांबतच नाही. तिथे दोष जिभेचा नसतो, मात्रेचा असतो. मात्रा स्वतःहून बदलू नका, पण त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

थरथर-घाम काही नसेल, तर दुसरा प्रश्न: शेवटचं कधी खाल्लं, त्यात प्रथिन किती होतं, आणि सकाळपासून पाणी किती गेलं? १०० ते १५० मिली पाणी घोट-घोट प्या आणि पंधरा-वीस मिनिटं दुसऱ्या कामाला लागा. दहा मिनिटं चाललात तर आणखी चांगलं. त्यानंतरही मन हटत नसेल तर स्वतःला विचारा, आत्ता कोणी उकडलेलं अंडं किंवा डाळीचा वाफवलेला फुनका पुढे केला तर खाईन का? उत्तर हो असेल तर ती भूक आहे, जेवा. पेढाच हवा, दुसरं काही नको, असं असेल तर ती सवय किंवा मनाची ओढ आहे, आणि तिच्याकडे वेगळ्या रीतीने पाहायचं.

सकाळ चुकली की संध्याकाळ बिघडते

आठवडाभर एक वही ठेवा. वेळ, काय खाल्लं, ओढ आली तेव्हा अंगात आणि मनात काय चाललं होतं, झोप किती झाली, एवढंच लिहायचं. सात दिवसांत बहुतेकांना आपला साचा दिसतो, आणि तो साचा बऱ्याचदा असा असतो: सकाळी सहाला चहा-बिस्कीट, दहाला अर्धी वाटी पोहे आणि पुन्हा चहा, दुपारी अर्धी भाकरी आणि वांग्याच्या भाजीचा रस्सा, मग संध्याकाळी गोडाची झोंबाझोंबी. या दिवसात प्रथिन १५ ग्रॅमसुद्धा भरत नाही. ऑपरेशननंतर रोज ६० ते ८० ग्रॅम प्रथिन लागतं. तुमचा नेमका आकडा आहारतज्ज्ञ सांगतील.

एवढं प्रथिन छोट्या पोटात बसवायचं म्हणजे मुद्दाम जमवावं लागतं. अंड्यात सुमारे ६ ग्रॅम. १०० ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास. ३० ग्रॅम कच्च्या डाळीच्या घट्ट वरणात साडेसहा ग्रॅम. २५ ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांमध्ये १२-१३ ग्रॅम. एक पेला दुधात, म्हणजे २०० मिलीत, ६ ते ७ ग्रॅम. शिजलेल्या १०० ग्रॅम चिकनमध्ये २५ ग्रॅमहून जास्त. वरणावरचं पाणी प्यायल्याने प्रथिन मिळत नाही. डाळ खाली बसलेली असते. पहिल्या महिन्यात पातळ आहार चालू असताना ही चूक हमखास होते, म्हणून त्या काळात प्रथिन पावडर देतात. पावडरीच्या डब्यावर साखर आणि माल्टोडेक्स्ट्रिन हे शब्द शोधा. माल्टोडेक्स्ट्रिन चवीला फारसं गोड नसतं, पण रक्तात साखरेइतकंच झटकन चढतं.

या बाबतीत खान्देशचं स्वयंपाकघर खूप मदतीचं आहे. तुरीच्या डाळीचे वाफवलेले फुनके आणि ताक घालून केलेली कढी हे अशा पोटासाठी उत्तम जेवण आहे, फक्त फुनके कढीत मऊ करून सावकाश चावून खायचे आणि तिखट आवरायचं. कळण्याच्या भाकरीत ज्वारीसोबत उडीद दळलेले असतात, त्यामुळे तिच्यात नुसत्या ज्वारीपेक्षा प्रथिन जास्त. रश्श्यात शिजवलेले डुबुक वडे चालतात, पण वरचा तेलाचा तवंग बाजूला सारा. वांग्याचं भरीत चवीला कितीही छान असलं तरी त्यात प्रथिन नाहीच म्हणा. त्याच्यासोबत अंडं किंवा घट्ट दही हवंच. शेवभाजीतली शेव बेसनाची असते हे खरं, पण ती तळलेली असते आणि रश्श्यात भिजून इतकी मऊ होते की पोट भरल्याचं कळतच नाही.

जेवताना क्रम पाळा: आधी प्रथिन, मग भाजी, शेवटी भाकरी किंवा भात. या क्रमाने खाल्लं की जेवणानंतर साखर कमी चढते. एका जेवणाला २० ते ३० मिनिटं द्या. जेवताना पाणी नको, आणि जेवणानंतर अर्धा तासही नको. दोन खाण्यांमध्ये तीन-चार तासांहून जास्त खंड पडू देऊ नका, कारण लांबलेल्या उपाशीपणानंतर समोर जे येईल ते तोंडात जातं.

गोड पिणं हे गोड खाण्यापेक्षा वाईट

छोट्या पोटाला घन पदार्थ अडवतो, द्रव अडवत नाही. २०० मिली उसाच्या रसात साधारण २५ ते ३० ग्रॅम साखर असते आणि ती दोन मिनिटांत आत जाते. २५० मिली कोल्ड्रिंकचं गणितही तेवढंच. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास जातो, रसवंतीच्या घुंगरांचा आवाज कोपऱ्याकोपऱ्यावर येतो, आणि घशाला कोरड असतेच. ही कोरड आणि गोडाची ओढ एकमेकींत इतक्या मिसळतात की ओळखू येत नाहीत. घरून निघताना लिटरभर पाणी सोबत घ्या, दर पंधरा मिनिटांनी दोन घोट. दिवसाला दीड ते दोन लिटर, उन्हात काम असेल तर जास्त. पातळ ताक, त्यात मीठ आणि जिरेपूड, हे रसवंतीला उत्तम उत्तर. लिंबूपाणी घ्यायचं तर साखरेविना.

चहा हा खरा प्रश्न. कपाला दोन चमचे म्हणजे ८ ते १० ग्रॅम साखर, आणि दिवसाला पाच चहा झाले की ४० ते ५० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनेनुसार वरून घातलेली साखर, गूळ, मध, रस यांतून येणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांच्या आत, आणि जमलं तर ५ टक्क्यांच्या आत असावी. ऑपरेशन झालेला माणूस दिवसाला १००० ते १२०० कॅलरी खात असेल तर ५ टक्के म्हणजे जेमतेम १२ ते १५ ग्रॅम, तीन छोटे चमचे. दीड कप चहात ते संपले.

चहा बंद करू नका, साखर उतरवा. दोन चमच्यांवरून दीड, आठ-दहा दिवसांनी एक, मग अर्धा. जीभ सरावते, महिन्या-दीड महिन्यात जुना चहा पाकासारखा लागतो. एकदम शून्यावर आलात तर चौथ्या दिवशी परत जाल. कपांची संख्याही दोनवर आणा, आणि लोहाच्या गोळीच्या आगेमागे एक-दोन तास चहा नको, कारण चहा लोह शोषू देत नाही. कॅल्शियमची गोळीही लोहापासून दोन तास लांब ठेवायची. चहात बुडवलेलं बिस्कीट तर सोडाच. मैदा, साखर आणि तूप यांचा तो लगदा पिशवीतून सरसर घसरतो, सहा बिस्किटं गेली तरी पोट जागं होत नाही. केळीचे वेफर्स, फरसाण, मुरमुरे, शेव हेही असेच घसरणारे पदार्थ. गोड नसले तरी वजन परत चढवण्यात त्यांचा हात मोठा.

गूळ, मध, खजूर आणि आपलं केळं

गूळ चालतो, असं घरोघरी सांगतात. गुळात बहुतांश साखरच असते. थोडं लोह आणि खनिजं मिळतात, पण तेवढ्यासाठी गूळ खाणं म्हणजे कणभर लोहासाठी चमचाभर साखर. मधाचंही तेच. "शुगर फ्री" म्हणून विकले जाणारे खजुराचे लाडू फसवे असतात, कारण सुक्या खजुराच्या वजनात निम्म्याहून जास्त साखर असते. पाकिटावर "नो ॲडेड शुगर" लिहिलेलं असलं तरी मागची बाजू वाचा: १०० ग्रॅममागे एकूण साखर ५ ग्रॅमच्या आत असेल तर पदार्थ कमी साखरेचा. घटकांच्या यादीत पहिल्या तिनात साखर, गूळ, ग्लुकोज सिरप किंवा मध असेल तर पाकीट परत ठेवा.

साखरेऐवजी कृत्रिम गोडीच्या गोळ्या वापरायच्या का? चहातली साखर उतरवताना काही आठवडे आधार म्हणून चालतील. पण जिभेला तीव्र गोडाची सवय तशीच राहते, आणि २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही वजन आवरण्यासाठी या गोळ्यांवर विसंबू नये असाच सल्ला दिला. आधीपासून मधुमेह असलेल्यांना तो सल्ला लागू नाही. सॉर्बिटॉल, माल्टिटॉल ही साखरेऐवजीची गोडी घातलेली चॉकलेटं जपून, त्यांनी पोट फुगतं आणि जुलाब होतात.

रावेर-यावलच्या माणसाला केळं सोडा म्हणणं अवघड आहे, आणि तशी गरजही नाही. जळगावच्या केळ्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. घरात घड लटकलेलाच असतो. सोललेल्या १०० ग्रॅम केळ्यात सुमारे २३ ग्रॅम कर्बोदकं, त्यात १२ ग्रॅमच्या आसपास साखर. केळं पिकत जातं तसं त्यातलं पिष्ट साखरेत बदलतं, म्हणून काळे ठिपके पडलेल्या केळ्यापेक्षा नुकतंच पिवळं झालेलं बरं. अर्धं केळं, सोबत शेंगदाणे किंवा दही, तेही चावून. शिकरण आणि मिल्कशेक नको: दूध, कुस्करलेलं केळं आणि वर साखर, म्हणजे द्रवाची सगळी घाई त्यात आली.

झोप, पाळी, एकटेपणा

भुसावळला रेल्वेत रात्रपाळी करणारे, दीपनगरच्या वीज केंद्रातले कामगार, रात्री वीज येते म्हणून पाणी भरायला शेतावर जाणारे शेतकरी, या सगळ्यांना हे माहीत आहे: जागरण झालं की दुसऱ्या दिवशी गोड आणि तळलेलंच खावंसं वाटतं. झोप कमी झाली की भुकेचे निरोप वाढतात. रात्रपाळीला जाताना डबा नेताना त्यात दोन उकडलेली अंडी किंवा पनीर आणि मीठ लावलेली काकडी ठेवा. पहाटे तीनच्या चहाबरोबर काय खायचं हे पहाटे तीनला ठरवायचं नसतं.

पाळीच्या आधीच्या आठवड्यात ओढ वाढते. त्या दिवसांत प्रथिन थोडं वाढवा आणि घरात गोड कमी ठेवा. बर्फ, खडू, माती, कच्चे तांदूळ खावेसे वाटत असतील तर तो वेगळा विषय आहे. तसं वाटणं लोह कमी असल्याची खूण असू शकते आणि त्यासाठी रक्त तपासायला हवं.

आणि एक हळवी बाजू. ज्यांच्यासाठी वर्षानुवर्षं गोड हाच दिलासा होता, त्यांचा तो आधार ऑपरेशनने काढून घेतला. भांडण झालं, शेतमालाचा भाव पडला, मुलगा पुण्याला गेला, घर सुनं झालं. या वेळी हात डब्याकडे जातो. चोरून खाणं, रात्री उठून खाणं, खाऊन झाल्यावर रडू येणं, असं होत असेल तर ते समुपदेशकाजवळ किंवा मानसोपचारतज्ज्ञाजवळ बोला. ते आजारपण आहे, चारित्र्याचा डाग नाही. गोड सुटलं आणि दारू धरली, असंही काहींचं होतं. बायपासनंतर दारू रक्तात फार लवकर आणि जास्त चढते, त्यामुळे ही अदलाबदल अतिशय धोक्याची आहे.

आखाजी, कानबाई आणि "थोडंसं खाई ले"

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधले जातात, खापरावर पुरणाचे मांडे होतात, पातेलंभर आंब्याचा रस निघतो. पुरणात डाळीइतकाच गूळ. एका माणसाच्या वाट्याला त्यातला ३० ग्रॅम गूळ आला तर तिथेच २५ ग्रॅम साखर झाली. वर वाटीभर, म्हणजे १५० ग्रॅम रस घेतला की आणखी २० ग्रॅम, आणि त्यात कोणी वरून साखर घातली नसली तर. हे एका बैठकीत, रिकाम्या पोटी, वाटीला तोंड लावून. दोन प्रकारचं डम्पिंग एकाच दुपारी होण्यासाठी एवढं पुरतं.

सणाचा दिवस असा काढता येतो. सकाळी आठला दोन अंडी किंवा १०० ग्रॅम पनीरची भुर्जी, म्हणजे ताटावर उपाशी बसायचं नाही. अकरापर्यंत अर्धा लिटर पाणी. पंगतीत आधी अर्धी वाटी घट्ट डाळ किंवा दही, मग भाजी, दोन घास भात-रशी. रसाऐवजी आंब्याच्या दोन फोडी, ५० ग्रॅमच्या आसपास, चावून. शेवटी दोन बोटांएवढा मांड्याचा तुकडा, तोही तुपासोबत आणि बसून. यात मांड्यातली आणि आंब्याची मिळून साखर १५ ग्रॅमच्या आत राहते. ज्यांना डम्पिंग होतं किंवा दुपारनंतर साखर घसरते, त्यांनी मांडा आणि फोडी यांपैकी एकच घ्यावं, तेही अगदी थोडं, किंवा दोन्ही सोडावं. ऑपरेशनला वर्ष व्हायचं असेल तर गोड पदार्थ नकोच.

कानबाई या खान्देशातल्या देवीच्या सणाचे रोट घरच्यांनी संपवायचे असतात, आणि सोबत खीर-पुरण असतं. देवीच्या प्रसादाला कोणी नाही म्हणू शकत नाही. कणभर प्रसाद घेतला तरी प्रसाद पोचतो, हे घरातल्या मोठ्यांकडून आधीच वदवून घ्या. त्यांच्या तोंडून आलं की पंगतीत कोणी आग्रह करत नाही.

आग्रहाला उत्तर तयार ठेवा. फुई, म्हणजे आत्या, ताटात पोळी वाढत म्हणते, "थोडंसं खाई ले, काही व्हत नही." तिच्यापुढे कॅलरी आणि डाएट हे शब्द चालत नाहीत, उलट ती दुखावते. "फुई, पोटाचं ऑपरेशन झालंय, गोड खाल्लं की घाम फुटून चक्कर येते, मला तुझ्या हातचे फुनके वाढ," एवढं पुरतं. चक्कर सगळ्यांना कळते, आणि तिच्या हातचं मागितलं की तिचा मानही राहतो. घरातल्या एका माणसाला, सुनेला किंवा भावाला, आधी सगळं समजावून ठेवा. वाढताना तोच सांभाळून घेतो.

जेवणानंतर काहीतरी तोंडात टाकायची सवय बहुतेकांची असते. साधी भाजलेली बडीशेप, लवंग, वेलदोडा चालेल. रंगीत साखर चढवलेली बडीशेप नको. दात घासून टाकले की मनालाही कळतं, जेवण आटोपलं.

गोड कायमचं बंद का? यावर जाणकारांतही मतभेद आहेत. पूर्ण बंदी घातली की काही जण एक दिवस सगळा डबाच संपवतात. काहींना उलट एक घास घेतला की थांबता येत नाही. तुम्ही कोणत्या गटातले ते वहीत दिसेल. पहिल्या गटातल्यांनी वर्ष उलटल्यावर आठवड्यातून एक-दोनदा, प्रथिनयुक्त जेवणानंतर, १० ग्रॅम साखरेच्या आतलं गोड छोट्या वाटीत घेऊन, बसून खावं. दुसऱ्या गटातल्यांनी घरात ठेवूच नये. सगळ्या घराला गोड सोडायला लावायची गरज नाही. मुलांचा खाऊ वेगळ्या, झाकणाच्या, वरच्या फळीवरच्या डब्यात गेला तरी पुष्कळ फरक पडतो.

डॉक्टरांना कधी गाठायचं

ऑपरेशन नाशिक, पुणे, मुंबई, सुरत किंवा इंदूरला झालं असेल तर दर वेळी जाणं जमत नाही, आणि वर्षभराने तपासण्या सुटतात. तेव्हाच गोडाची ओढ वाढलेली असते. रक्ततपासणी गावातल्या लॅबमध्ये करून अहवाल फोनवर पाठवा: हिमोग्लोबिन आणि लोहाचा साठा, बी १२, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, साखर.

लॅबमध्ये ग्लुकोज पाजून करायची तपासणी सांगितली तर बायपास झालंय हे आधी सांगा. ७५ ग्रॅम ग्लुकोज एकदम प्यायल्याने जोराचं डम्पिंग होऊ शकतं. गरोदर बाईसाठी हे फार महत्त्वाचं; तिची साखर आठवडाभर घरी मीटरवर तपासूनही निदान करता येतं.

साखर दोनदा ७० च्या खाली आली, जेवणानंतर दोन तासांनी वारंवार गळून जायला होतं, गाडी चालवताना अंधारी आली, तर वहीतल्या वेळा आणि आकड्यांसह डॉक्टरांकडे जा. आहार बदलूनही भागलं नाही तर अकार्बोजसारखी औषधं असतात. ती जेवणातल्या पिष्टाचं आणि साखरेचं पचन मंदावतात. उलट्या दोन-तीन दिवस थांबत नसतील तर आणखी एक दिवसही वाट पाहू नका, कारण थायमिन हे जीवनसत्त्व लवकर संपतं आणि त्याच्या अभावाने मेंदूला व नसांना इजा होते. आणि वजन दोन-तीन महिने सलग चढत असेल तर लाजून तपासणी टाळू नका. चढलेलं वजन तीन-चार किलोवर असताना खाण्याची घडी परत बसवणं, पंधरा किलोवर गेल्यानंतरच्या मानाने खूप सोपं जातं.